डोळकाडी

धसईच्या बाजारातून बाहेर पडून नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला दामू गोजरची रोपवाटिका लागते. पाटीवर 'नर्सरी' असं लिहिलंय, पण गावात तसं कोणी म्हणत नाही. 'दामूची रोपं' म्हटलं की लहान पोरही बोट दाखवतं. आंबा, पेरू, सोनचाफा, मोगरा सगळंच तिथे मिळतं, पण गुलाब ही त्या घरची खासियत. रानगुलाबाचा धट्टाकट्टा खुंट घ्यायचा, त्याच्या सालीला चीर द्यायची आणि चांगल्या जातीच्या काडीवरचा नखाएवढा कोंब सालीसकट सोलून त्या चिरेत बसवायचा. त्या कोंबाला डोळा म्हणतात, बसवण्याला डोळा भरणं म्हणतात, आणि ज्या काडीवरून तो काढतात ती डोळकाडी. पंधरा-वीस दिवसांनी कोंब हिरवा राहिला तर डोळा लागला, काळा पडला तर डोळा गेला. तीन पिढ्या ही भाषा त्या घरात चालत आलेली. तिच्यात काही वेगळं ऐकू येतंय असं कोणालाच कधी वाटलं नाही, दामूच्या बायकोचे डोळे गेले तेव्हासुद्धा.

बायकोचं नाव पारू. सहा वर्षांपूर्वी काचबिंदूने तिची नजर कडेकडेने खात आणली आणि एका पावसाळ्यात पुरती मिटवली. कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं की नस वाळली, आता काही होणे नाही. पारू महिनाभर रडली, मग उठली आणि कामाला लागली. डोळा भरायला तिच्याइतका हलका हात अख्ख्या मुरबाड तालुक्यात नव्हता आणि त्या हाताला दिसण्याची गरजही नव्हती. रडायची ती एकाच गोष्टीसाठी, आणि तेही हसत हसत.

"तुमी आता दिसता कसे वो?" ती मधूनच विचारी.

"होतो तसाच हाय. केस जरा पिकलेत."

"पन डोकीवर हायत ना?"

"हायत गो. झुपकेच्या झुपके."

दामूच्या डोक्यावर मधोमध भाकरीएवढं टक्कल पडलं होतं. साठीला टेकलेल्या माणसाने बायकोला एवढं खोटं सांगितलं तर देव काही रागावत नाही, असं त्याचं मत होतं.

गेल्या सप्टेंबरात दामूला परदेश घडला. फुलशेती करणाऱ्यांचा अभ्यासदौरा होता, दहा दिवस, हॉलंड. त्याच्या ओळखीचा एकच माणूस सोबत होता, शहापूरचा शेखर. पस्तिशीचा, शेतकीची पदवी घेतलेला, त्याचीही रोपवाटिका. इंग्रजी बोलायचं ते शेखरने आणि झाड बघून सांगायचं ते दामूने, अशी दोघांची वाटणी विमानातच झाली. दहा दिवस त्यांनी काचेची शेतं पाहिली, फुलांचे लिलाव पाहिले, आणि शेवटच्या दिवशी दुपार मोकळी होती म्हणून गाईडने त्यांना एका लहानशा गावात जुनी गुलाबबाग बघायला सोडलं. त्या गावाचं नाव दामूला शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही. घशात खाकरा अडकावा तसं काहीतरी होतं.

बाग सव्वाशे वर्षांची, गावच्या मालकीची, तिकीट नाही. कमरेएवढ्या हिरव्या कुंपणाचे चौकोन, मधून बारीक खडीच्या वाटा, मधोमध एक कोरडं दगडी कुंड. प्रत्येक झाडाशी चिनीमातीची पांढरी पाटी रोवलेली, तिच्यावर जातीचं नाव आणि साल. फुलं तोडू नयेत असा बोर्ड होता. त्यावरची भाषा दामूला कळली नाही, पण फुलावर मारलेली लाल फुली कळली. माणसं फार नव्हती. पायाखाली खडी करकरे, तेवढाच आवाज. ऊन चांगलं होतं, फुलंही पुष्कळ होती, पण तासाभरात एकही मधमाशी दिसली नाही, हे त्याच्या माळ्याच्या डोळ्याला खटकलं.

अगदी टोकाच्या चौकोनात एका झाडाला पाटीच नव्हती. दामू थांबला तो वासाने. हल्लीचे गुलाब दिसायला नवरीसारखे आणि वासाला कोऱ्या कागदासारखे. हा वास जुना होता. पारूचं माहेर म्हसा गावचं. तिथे देवळामागे एक गावठी गुलाब होता आणि लग्नानंतरची पहिली पाच वर्षं पारू जत्रेला गेली की पदरात त्याची फुलं बांधून आणायची. ते झाड जाऊन पस्तीस वर्षं झाली असतील. पारूच्या तोंडून त्याचं नाव मात्र गेलं नव्हतं. परक्या मुलखात, दोन हजार कोसांवर, दामूला तोच वास आला. दिसत नाही तर नाही, वास तरी घेईल बिचारी, असं त्याच्या मनात आलं.

मागून आणलेलं रोप रुसतं, चोरून आणलेलं हमखास लागतं, असं माळ्यांत म्हणतात. दामूने आजूबाजूला पाहिलं. शेखर लांब कुंडापाशी फोटो काढत होता. झाडासमोर बाकावर एक म्हातारी बसली होती. हिरवट कोट, मांडीवर हात, पापण्या मिटलेल्या. तिचा डोळा लागला होता. दामूने खिशातला चाकू काढला, बोटाएवढ्या जाडीची काडी एका तिरक्या कापात घेतली आणि ओल्या रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या आत सारली. चार डोळे होते तिच्यावर, चांगले टपोरे.

वळला तर म्हातारीचं तोंड त्याच्याकडे झालेलं. पापण्या मिटलेल्याच.

चोराच्या मनात चांदणं. अशा वेळी माणसाच्या तोंडून जे सवयीचं असतं तेच बाहेर पडतं. त्याने हात जोडले आणि आपल्या मराठीत म्हणाला, "येतो आजी. या कदी आमच्याकडं. धसईला. कोनाला पन विचारा, दामूची रोपं."

आमच्या भागात निघताना हे सगळ्यांना म्हणतात. तलाठ्याला म्हणतात, एस्टीच्या कंडक्टरला म्हणतात, दवाखान्यात शेजारच्या खाटेवर असलेल्याला म्हणतात. असं म्हटलं म्हणून कोणी येत नाही, हे म्हणणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही.

म्हातारीने सावकाश मान डोलावली.

घरी आल्यावर दामूने पारूला सांगितलं की तिथल्या माळ्याने भेट दिली. पारूने काडी हातात घेतली, नाकाशी नेली, आणि बराच वेळ तशीच धरून बसली. मग एकेक डोळा तिने बोटांनी चाचपला.

"चार हायत," ती म्हणाली आणि हसली. "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. मला तर चार दिले."

चारही तिनेच भरले, दारातल्या चार खुंटांवर. अंगणात, पायरीपासून दहा पावलांवर, तिला चाचपत जाता येईल अशा ठिकाणी दामूने ते लावले होते. तीन डोळे आठवड्यात काळे पडले. चौथा लागला.

दिवाळी झाली आणि तो डोळा फुटला. फुटला म्हणजे त्यातून लालसर कोंब बाहेर आला, तो चांगला शकून. त्याच दिवशी दुपारी बाराच्या सुमारास पारू पडवीत सुपात तांदूळ निवडत बसली होती. बोटांनी खडा लागला की बाजूला टाकायची. अचानक तिचे हात थांबले.

"अवो," ती म्हणाली. "उजाडलं."

दामू धावत आला. पारूचे डोळे नेहमीसारखेच, पांढुरके, कुठेच न बघणारे. त्याने तिच्यासमोर हात हलवून पाहिला. तिला तो दिसला नाही. तिला दुसरंच काही दिसत होतं. बुटकं हिरवं कुंपण. खडीची वाट. दगडी कुंड, त्यात पानी नाय. गुलाबाची झाडं, पन फुलं सगळी गेलेली, पानं पिवळी. धुकं हाय. हे सांगताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. सहा वर्षांनी तिला हिरवा रंग दिसला होता.

दामूने तिला बागेबद्दल सांगितलं होतं का? थोडंफार सांगितलं होतं. म्हणून तो घाबरला नाही. दुसऱ्या दिवशी कल्याणला घेऊन गेला. डॉक्टरांनी बत्ती मारून पाहिली, मान हलवली. नजर आलेली नव्हती. ते म्हणाले, फार दिवस डोळे मिटले की मेंदू कधी कधी आपल्याआपण चित्रं रंगवतो, रोग नव्हे, घाबरू नका, त्यांना आनंद होत असेल तर होऊ द्या. दामूला ते पटलं. येताना त्याने मुरबाडला थांबून पारूला जिलबी घेतली.

पुढे रोज तसंच चाललं. दुपारी बाराला पारूला उजाडायचं आणि रात्री नऊ-साडेनवाला मावळायचं. मधल्या वेळात ती काम करता करता सांगत राही. आज वारा हाय. आज एक कुत्रं घेऊन मानूस गेला. आणि एके दिवशी, भाजी चिरताना, सहज म्हणाली, "समोरच्या झाडाची एक फांदी कोनीतरी कापलीय. तिरकी. ताजा काप दिसतोय अजून."

कापल्याचं दामूने कोणालाच सांगितलं नव्हतं. शेखरलाही नाही.

"आनि बाक?" त्याने विचारलं. "झाडासमोर बाक हाय. त्यावर कोन बसलंय?"

"बाक नाय दिसत." पारूने चिरलेली भाजी ताटलीत सारली. "बसल्यावर दिसतं तसं दिसतंय. मीच बसल्यागत."

त्या संध्याकाळी दामूने शेखरला फोन केला आणि आडवळणाने विचारलं की तिथल्या आणि आपल्या वेळेत फरक किती. शेखर म्हणाला, आता हिवाळ्यात साडेचार तास. दामूने बोटांवर हिशेब केला. इथे बारा, तर तिथे सकाळचे साडेसात. दिवस उगवायची वेळ. मेंदूने रंगवलेल्या चित्राला घड्याळ कुठून कळलं, हे त्याला सुचेना.

"शेखर, त्या बागेत बाकावर एक आजी होती, आठवते?"

"न आठवायला काय झालं, काका? डोळे फाडून बघत होती तुमच्याकडे. मला तर वाटलं, आता बोंब मारते."

"डोळे मिटलेले होते तिचे."

"उघडे होते काका," शेखर म्हणाला. "मी लांब होतो तरी दिसत होते."

नोव्हेंबर संपता संपता पारू म्हणाली की आज सगळं हललं. झाडं मागे गेली. फाटक आलं, रस्ता आला. त्या दिवसापासून तिला बाग दिसली नाही. बर्फ पडलेली शेतं दिसली, पूल दिसले, कसलेकसले डोंगर, मग मैलोगणती रेताड. पारूला मौज वाटत होती. "तुमी तर एकटेच जाऊन आले," ती म्हणायची. "माझं फिरनं आता होतंय. ते बी बसल्या जागी."

"खाली बघ," दामू एकदा म्हणाला. "पाय दिसतात का?"

"खाली नाय बघता येत मला. जिकडं दिसतं तिकडंच बघायचं."

दामूने घरातल्या कॅलेंडरवर वेळ लिहायला सुरुवात केली. पारूला उजाडलं की पेन्सिलने आकडा टाकायचा. बारा. साडेअकरा. पावणेअकरा. डिसेंबरच्या मध्याला दहा. वीस तारखेच्या पुढे सव्वानऊ. सूर्य पूर्वेला आधी उगवतो हे शाळेत शिकलेलं त्याला आठवलं आणि त्याचा अर्थ त्याने मनाशी लावला. लावल्यावर मात्र जेवण गोड लागेना.

दारातलं झाड इकडे जोमाने वाढत होतं. थंडीत बाकीचे गुलाब आखडले, पण याला फूट मागून फूट. रोपवाटिकेत कामाला मंगळू होता, वरच्या ठाकूरवाडीचा, पंचवीस वर्षं दामूकडेच काम करणारा. कमी बोलणारा माणूस. एके सकाळी दामूने पाहिलं की मंगळू अंगणातल्या कुंड्या भरताना मुद्दाम उलटा बसलाय, घराकडे पाठ आणि त्या झाडाकडे तोंड.

"असा का रे बसलाय? ऊन डोळ्यांवर येतंय तुझ्या."

"येऊ दे, दादा." मंगळूने मान वर केली नाही. "या झाडाला पाठ देऊन काम नाय होत. पाठीवर कोन बघतंय असं लागतं."

दामूला हसायला हवं होतं. एरवी तो हसला असता.

पौष लागला. एका सकाळी दामू चूल पेटवत होता. बाहेर कोंबडं आरवलं, पूर्वेकडे सह्याद्रीच्या भिंतीमागे तांबडं फुटलं, आणि आतून पारूचा आवाज आला, "उजाडलं वो."

त्याने घड्याळाकडे पाहिलं. सात वाजून पाच मिनिटं. कॅलेंडरवर त्याने तो आकडा लिहिला नाही.

"काय दिसतंय?"

"मोठा रस्ता. ट्रक. टपरी हाय." मग एकदम ती हरखली. "अवो, आपली अक्षरं. श... शहापूर. शहापूर लिवलंय."

दुपारी तिने निळं फाटक सांगितलं, कुंड्यांच्या ओळी सांगितल्या, आणि मोटरसायकलवर बसून फोनवर बोलणारा पिवळ्या शर्टातला माणूस सांगितला. दामूने अंगणात जाऊन शेखरला फोन लावला. फोन लागेना, दुसऱ्या कॉलवर होता. पाच मिनिटांनी शेखरचाच आला.

"पिवळा शर्ट घातलाय काय रे?" दामूने विचारलं.

"हो. का?"

"फाटकात कोन उभं हाय?"

शेखरने वळून पाहिलं असावं. "कोणी नाही, काका. झालं काय?"

"काय नाय. आत जा तू. फाटक लावून घे."

त्या संध्याकाळी दामूने पारूला सगळं सांगितलं. काडी भेट मिळाली नव्हती, चोरली होती. बाकावर म्हातारी होती. आणि निघताना तो काय बोलला होता.

"मी ते झाड उद्या तोडतो," तो म्हणाला.

"नका."

"अगो, ते येतंय इकडं. कळतंय काय तुला?"

"मला नाय कळत तर कोनाला?" पारू म्हणाली. "रोज मीच बघते ना. शहापूर झालं. आता किन्हवली येईल, मग सरळगावचा नाका. मग आपला रस्ता, आपलं दार." तिने दाराकडे तोंड फिरवलं. "आनि दारात तुमी. मी कशाची वाट बघते तुमाला ठावं नाय? एकदा तुमचं तोंड बघू दे मला. मग खुशाल तोडा. परत आंधळी झाले तरी रडनार नाय."

दामूने चुलीतलं लाकूड उगाच पुढे सरकवलं.

"आनि बोलावलंय तुमीच," ती हळूच म्हणाली. "बोलावलेल्याला दारातून परत नाय पाठवत आपन."

तो तीन दिवस गप्प बसला. ते तीन दिवस त्याला आयुष्यभर पुरतील एवढे लांब गेले. बायकोच्या डोळ्यांवर सुरी चालवायची की दारात येणाऱ्याची वाट बघायची, यातलं काय मोठं पाप, हे विचारायचं तरी कोणाला? पहिल्या दिवशी किन्हवली आली. दुसऱ्या दिवशी भाताची कापलेली शेतं, एक पूल. तिसऱ्या दिवशी सरळगावचा नाका, आणि नाक्यावर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, ज्याच्या बैलाच्या गळ्यातली घंटा तुटलेली आहे हे पारूला कधीच ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

चौथा दिवस म्हशाच्या जत्रेचा. गाव अर्धं रिकामं झालं. मंगळूही बैल बघायला म्हणून आदल्या दिवशीच गेला होता. दरवर्षी दामू पारूला माहेरी जत्रेला नेत असे. या वर्षी ती स्वतःच नाही म्हणाली. सकाळीच तिने केस विंचरले, चांगलं लुगडं नेसली आणि घराच्या आतल्या भिंतीला टेकून, दाराकडे तोंड करून बसली.

"धसईचा बाजार आला," दुपारी दोनला ती म्हणाली. "दुकानं बंद हायत."

दामू उठला. खुंटीवरची झाड छाटायची कात्री त्याने काढली.

"कुटं चाललात?"

"पानी सोडतो झाडांना."

पारूला खरं काय ते कळलं होतं, हे दामूलाही कळलं. दारातून बाहेर पडताना त्याला स्वतःची इतकी लाज वाटत होती की त्याने चप्पलही घातली नाही.

अंगणात लख्ख ऊन होतं. रस्त्यावर कोणी नव्हतं. फाटक लावलेलं होतं.

तो झाडापाशी गेला आणि थांबला.

झाड आधीच कापलेलं होतं. भरलेल्या डोळ्यातून वाढलेली सगळी फूट, शेंड्याची कळी धरून, गेली होती. राहिला होता नुसता रानगुलाबाचा खुंट आणि त्यावर एक तिरका काप, स्वच्छ, एका फटक्यात घेतलेला. कापावर रस अजून ओला होता.

खरं सांगायचं तर दामूला हायसं वाटलं. आपल्या हातून ते झालं नाही, एवढंच आधी मनात आलं. मंगळू लवकर परतला असेल, त्यानेच कापलं असेल. "मंगळू," त्याने हाक मारली. कोणी ओ दिली नाही. खाली मातीत सकाळी पाणी घातलेला चिखल होता. त्यात एकही पाऊल नव्हतं. त्याचं स्वतःचंच आता उमटलेलं तेवढं.

डोळा गेला. ज्याचा होता त्याने नेला. मग पारूलाही आता दिसत नसणार. ती रडत असेल, या विचाराने तो भरभर घराकडे वळला, दहा पावलांत पायरी चढला आणि उंबऱ्यात उभा राहिला.

पारू भिंतीला टेकून तशीच बसली होती. ती रडत नव्हती.

"पारू," त्याने तिला नावाने हाक मारली. लग्नाला चाळीस वर्षं झाली, नावाने त्याने क्वचितच हाक मारली असेल. "ते झाड गेलं गो. मी नाय तोडलं. आता तुला..."

"दिसतंय मला," पारू म्हणाली.

तिचा चेहरा उजळला होता. पांढुरके डोळे त्याच्या खांद्याशेजारी कुठेतरी हवेत लागले होते.

"आपलं घर दिसतंय. पायरी दिसतेय. रंग किती उडाला वो दाराचा." ती हसली. "आनि दारात तुमी. कात्री हाय हातात."

दामू तिच्यासमोर उभा होता, तिच्याकडे तोंड करून, चार हातांवर. उंबऱ्यात म्हशाच्या त्या जुन्या गुलाबाचा वास भरून आला होता.

"आनि हे काय?" पारू म्हणाली. "डोकीवर मधोमध एक केस नाय. खोटारडे तुमी. सदरा मागून फाटलाय, तो बी सांगितला नाय."

दामूने कात्री घट्ट धरली. मान हलवायची नाही, एवढंच त्याने ठरवलं.

"पाठमोरे काय उभे राहिलात?" पारू लाडाने म्हणाली. "फिरा ना जरा इकडं. सा वर्सं झाली तुमचं तोंड बघून."